सात नंबरचा खिळा

४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि बाबा मला घरात ओरडू देत नाहीत, तेव्हा आपलं पत्रच बरं. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि बाबा तिच्यावर कुरकुरतात. तुमची दाढी काय म्हणते? मागच्या खेपेला माझ्या गालाला टोचली ती खूण अजून आहे, असं मी वर्गात सांगते. एकदा तरी न्हाव्याकडे जा हो. तुमची हनुवटी कशी आहे हे आईनेसुद्धा पाहिलेलं नाही.

आता कामाचं. २८ तारखेला इतिहासाची चाचणी आहे, वीस गुणांची. पाठ पाचवा, ‘आपल्या परिसराचा इतिहास’. त्यात आपला कागद कारखाना आहे आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वीची आग आहे. पाठात लिहिलंय की कागदाची रिमं बांधायच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, पहारेकरी किल्ली घेऊन गेला आणि त्याने वेळेवर दार उघडलं नाही, म्हणून आतल्या अकरा बायका गेल्या. शेजारी किल्ल्यांच्या फळ्याचं चित्र आहे. सात नंबरच्या खिळ्यावर किल्ली नाही, त्रेचाळीस नंबरचा पितळी बिल्ला आहे. तो पहारेकऱ्याचा. खाली लिहिलंय, ‘भौतिक साधन’.

तो पहारेकरी म्हणजे माझ्या बाकावरच्या कुरळीचा आजोबा. तुमच्या ओळखीचाच असणार. पाठ शिकवून झाल्यापासून मुलं तिला ‘त्रेचाळीस’ म्हणून हाक मारतात. ती म्हणते, हे उत्तर मी मेले तरी लिहिणार नाही, आणि लिहायला लावलं तर शाळा सोडेन. तिच्या आईलाही तेच हवंय, मावशीच्या शिवणाच्या दुकानात हात कमी पडताहेत म्हणे. मला ती जायला नको आहे. गणित मला तीच समजावते.

वीसपैकी पाच गुण ‘मौखिक साधना’ला आहेत, म्हणजे मोठ्या माणसाला विचारून लिहायचं. सगळे शेजारीपाजारी हिंडताहेत आणि माझ्या घरात खुद्द तिथला टाइमकीपर! सर म्हणाले, तुझी तर चैन आहे. तेव्हा तिथलं काम कसं चालायचं आणि त्या दिवशी काय झालं, सगळं लिहा. लवकर लिहा, आळस करू नका.

तुमची लाडकी (आणि एकुलती एक, म्हणून पर्याय नसलेली)
भिंगरी

---

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर सुधारलंय, जीभ नाही. दाढीच्या भानगडीत पडू नकोस.

टाइम ऑफिसचं विचारतेस तर ऐक. मोठ्या फाटकातून आत आलं की डावीकडे माझी खिडकी. सहाशे माणूस, प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला. आत शिरताना बिल्ला माझ्याकडे द्यायचा, जाताना परत घ्यायचा. सगळे बिल्ले माझ्यासमोर लाकडी खणात ओळीने लावलेले. कोण आलं, कोण नाही, हे वहीत न बघता मी सांगत असे. मागच्या भिंतीवर किल्ल्यांचा फळा, चोवीस खिळे. कुणी किल्ली मागितली की मी किल्ली द्यायचो आणि त्याचा बिल्ला खणातून काढून त्या खिळ्यावर अडकवायचो. किल्ली परत आली की बिल्ला पुन्हा खणात. फळ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, खुद्द मॅनेजरनेही नाही. एकदा त्यांनी लावला, तर मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत एक किल्ली हरवली नाही. हे लिही, सर खूश होतील.

रिमांच्या खोलीला कुलूप असायचं कारण मालकाला कागदाच्या चोरीची धास्ती. पाळी सुरू झाली की बायका आत, कुलूप बाहेर. तेव्हा तसंच चालायचं.

आगीचं म्हणशील तर पुस्तकात आहे तेच लिही. गुण पुस्तकाला मिळतात. पहारेकरी माणूस चांगला होता, पण जरा बेफिकीर. तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, जुन्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत.

इथे सर्व क्षेम. तुझी काकू वेळेवर जेवायला घालते आणि वेळेआधी झोपायला लावते.

तुझा
आजोबा

---

१४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते शिक्षकांच्या खोलीत नेऊन दाखवलं. मी दिवसभर मिरवले.

मग कुरळीने ते मागून घेतलं आणि दोनदा वाचलं. वाचून तिने मला एक विचारलं ते जसंच्या तसं लिहिते. बिल्ला तर आत येतानाच टाइमकीपरच्या खणात जायचा. फळ्याला टाइमकीपरशिवाय कुणी हात लावायचा नाही. मग माझ्या आजोबांचा बिल्ला सात नंबरच्या खिळ्यावर कुणी लावला?

तिची आजी सांगते की आग लागल्याबरोबर ते किल्लीसाठी टाइम ऑफिसकडे धावले. तिथे खिळा रिकामा होता आणि खुर्चीही रिकामी. मग त्यांनी पहारीने कुलूप तोडायचा प्रयत्न केला, दाराची लोखंडी पट्टी तापून त्यांचे दोन्ही तळवे सोलले. पुढे कुणी त्यांना नोकरी दिली नाही. आजी म्हणते, चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी कुरळीला म्हटलं, माझे आजोबा खोटं बोलत नाहीत, मी विचारते, ते सांगतील. ती म्हणाली, त्यांनी लिहून दिलं तर ते पत्र सरांना दाखवायचं आणि मग मी शाळा सोडणार नाही. तेव्हा २८ च्या आत नक्की लिहा. वाट बघते.

तुमची
भिंगरी

---

१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तीन कागद फाडून हा चौथा घेतला आहे.

त्या दिवशी मालक येणार होते आणि आम्हा कारकुनांचा फोटो निघणार होता. दुपारी पाणीवालीला आत-बाहेर सोडायला मी स्वतः रिमांची खोली उघडली, पुन्हा लावली, आणि किल्ली खिळ्यावर न लावता खिशात टाकली. फाटकासमोर न्हाव्याचं दुकान होतं. म्हटलं, दहा मिनिटांत दाढी करून येऊ. एक गाल झाला होता तेव्हा धूर दिसला.

मी धावलो. पोचेपर्यंत आतला आवाज थांबला होता. दाराशी पहारेकरी दोन्ही हात पुढे धरून उभा होता आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. ऑफिसात गेलो, खणातून त्रेचाळीस नंबर काढला आणि सातच्या खिळ्यावर अडकवला. एवढंच काम, श्वास घेण्याइतकं. किल्ली नंतर राखेत टाकली.

चौकशीत त्याने सांगितलं की खिळा रिकामा होता. मी सांगितलं की बिल्ला बघा. माझ्या तोवरच्या चोख कामावर साहेबांनी विश्वास ठेवला. माझा अर्धा चेहरा साबणाचा होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, विचारलं कुणीच नाही. त्यानंतर मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलो नाही.

मागच्या पत्रात मी त्याला बेफिकीर म्हटलं. ते खोटं आहे. तसं लिहू नकोस. हे पत्र सरांना दे, वर्गात वाचू दे.

आजोबा

---

२३ ऑगस्ट

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

भिंगरीच्या नावाचं तुमचं पत्र मी उघडलं. तिला दिलेलं नाही, देणारही नाही.

मला काय वाटलं ते विचारू नका. पण थोडा व्यवहार बघा. पहारेकरी जाऊन तीस वर्षं झाली. मालक गेले, कारखान्याचं गोदाम झालं. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? माझं मात्र ह्याच गावात दुकान आहे, त्या अकरा घरांपैकी चार माझी गिऱ्हाइकं आहेत. उद्या मी त्यांच्या पुढ्यात कोणत्या तोंडाने माल ठेवू? झाकली मूठ सव्वा लाखाची. एक्केचाळीस वर्षं दम धरलात, आणखी थोडा धरा.

पोर रोज पोस्टमनची वाट बघत पायरीवर बसते. तिला सांगितलं, आजोबांना बरं नाही.

भिंगरीच्या काकूने तुमचं औषध बदललं का, कळवा. रागावू नये, हीच विनंती.

तुमचा
मुलगा

---

६ सप्टेंबर

ती. आजोबांस,
नमस्कार.

मला वीसपैकी वीस मिळाले.

तुमचं पत्र आलं नाही. बाबा म्हणाले, तुम्ही आजारी आहात. मी तुमची काळजी करत अभ्यास केला. चाचणीत प्रश्न चौथा होता, ‘आगीचे कारण सांगा’. मी पुस्तकातलं लिहिलं. मौखिक साधनात तुमचं पहिलं पत्र लिहिलं, फळा, खण, बिल्ले, सगळं. शेवटी एक ओळ लिहिली, ‘प्रत्यक्ष पाहणाऱ्या माझ्या आजोबांच्या मते पहारेकरी माणूस चांगला पण बेफिकीर होता.’ आपण स्वतः विचारलेलं लिहिलं की गुण वाढतात, असं सर म्हणाले होते.

कुरळीने चौथा प्रश्न कोरा सोडला. पेपर वाटले त्या दिवशी सरांनी माझा पेपर नमुना म्हणून मोठ्याने वाचला. ती ओळ आली तेव्हा मागून कुणीतरी ‘त्रेचाळीस’ म्हणालं आणि वर्ग हसला. कुरळीने दप्तर उचललं. माझ्याकडे बघितलं नाही, तास संपायची वाट बघितली नाही. आता ती मावशीच्या दुकानात काजं करते. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ती मशीन जोरात चालवत राहिली.

परवा बाबांच्या खणात डिंक शोधताना तुमचं दुसरं पत्र सापडलं. बाबांशी मी बोलत नाही. तुमच्याशीही बोलणार नव्हते, पण हे काम उरलं होतं.

पत्र मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की पुढची आवृत्ती निघेल तेव्हा बघू, आणि गुण आता बदलता येणार नाहीत. मला गुण बदलायचेच होते, कमी करून हवे होते. त्यांना ते कळलं नाही.

ते पत्र ह्यासोबत परत पाठवते आहे. ते माझ्या नावावर आलं, पण ते माझं नाही. एक कोरं पाकीट घातलं आहे, त्यावर कुरळीच्या आजीचा पत्ता मी लिहिला आहे. तिकीट तुम्ही लावा आणि पेटीत तुमच्या हाताने टाका.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. ते मी अजून लिहीत नाही.

भिंगरी

---

२१ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

तू दिलेल्या पाकिटात तेच पत्र नाही घातलं. नवं लिहिलं, त्यांच्याच नावाने. अकरा दिवसांनी ते पाकीट माझ्याकडे परत आलं, न फोडता. फक्त पाठीवर तुझ्या मैत्रिणीच्या अक्षरात दोन ओळी आहेत: आजीला वाचता येत नाही आणि आम्ही कुणी तिला हे वाचून दाखवणार नाही. आजी म्हणते, ज्याने लिहिलं त्यानेच येऊन वाचावं.

मी रविवारच्या गाडीने येतो आहे. तुमच्याकडे उतरणार नाही, थेट तिकडेच जाईन. तुझ्या बाबाला कळवलं आहे. त्याचं उत्तर आलं नाही.

तू यावंस असं मी म्हणत नाही.

शनिवारी न्हाव्याकडे नंबर लावला आहे. त्या आजीने मला शेवटचं पाहिलं ते आगीच्या दिवशी फाटकाशी, अर्ध्या दाढीने. ह्या वेळी पुरी करून येतो, म्हणजे दार उघडल्यावर मी कोण, हे तिला विचारावं लागणार नाही.

आजोबा