गिटार दिली, आवाज ठेवला

जुना जालना, ९ मार्च १९७४

आज इलेक्ट्रिक गिटार विकली. होती स्वस्तातलीच, पण तारांचा आवाज उचलणारे तिचे दोन्ही पिकअप मोटार वाइंडिंगवाल्या हुसेनभाईनं हातानं गुंडाळून दिल्ते. त्यांचा मोह सुटेना. दुपारीच ते काढून मूळचे भंगार बसवले.

आष्टीचा भीमगीतं गाणारा सुदाम न्यायला आला, तर लाईट गेलेली. म्हटलं, "थांब, लाईट आली की वाजवून बघ." म्हणाला, "दादा, मागच्या जयंतीला ऐकलीय की हीच. अजून काय तपासायचं?"

मी पैसे मोजून घेतले. पिकअप बदललेत, हे का सांगितलं न्हाई?

तो गेला अन् लाईट आली. पिकअप खिशातच आहेत. लावू कशाला? गिटारच न्हाई.

उद्या पहिल्या गाडीनं आष्टी. पेचकस पिशवीत टाकलाय. सुदामसमोर गिटार उघडताना काय बोलायचं, ते मात्र अजून सुचत न्हाई.