आयरिसचं पांघरूण

डॉफिन, कॅनडा, १४ सप्टेंबर १९६१

ती. सासूबाईंस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमची कंबर कशी आहे? विनिपेगला लेकीकडे आराम करताय ना, की तिच्याही स्वयंपाकघरात चुका काढत बसलाय? इकडे मी ठीक.

अंगणातले तुमचे जांभळ्या फुलांचे आयरिस काढून ओस्तापच्या कबरीवर लावले. चांगले वीतभर खोल लावलेत. मुळं जितकी खाली जातील, तितकी त्याच्या जवळ. वर ओल्या पानांचा जाड थर दिलाय. आमच्या माहेरी, समुद्रकाठी, हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. इथल्या थंडीची मला धास्तीच वाटते. जुलैत त्याला मातीत ठेवलं तेव्हा ऊन तरी होतं.

तुम्ही राहायला बोलावता, पण नवऱ्याला सोडून मी येणार नाही. तो इथे एकटा पडेल.

माया आहेच, ती राहू द्यावी.
तुमची सून, ओरिसिया

विनिपेग, २३ सप्टेंबर

चि. ओरिसियास युस्तिनाचे अनेक आशीर्वाद.

वीतभर! अगं, आयरिस लावलेस की बटाटे? कंदाची पाठ उन्हाला उघडी हवी, फक्त मुळं मातीत. आणि ती पानं आधी काढ, कुजवतील. जमीन दगडासारखी गोठेपर्यंत वर काही घालायचं नाही. मग स्प्रूसच्या झाडाच्या चार फांद्या, बस्स. ते पांघरूण ऊब देण्यासाठी नसतंच मुळी. गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून असतं. मधेच वितळली तर कंद उचकटून वर येतात.

दुसरं. शेजारच्या ग्रिट्सने फोन केला होता. आठवडाभर आपल्या धुराड्यातून धूर दिसला नाही म्हणे. मी लाकडं रचून आले ती कुणासाठी? त्याच्या बायकोने दिलेलं बोर्श, ते बीटचं सूप, तू कुत्र्याला घातलंस, हेही कळलं. कुत्र्याची चैन आहे! चेष्टा करते, पण मला झोप लागत नाही. एक मुलगा गेला. तुलाही घालवायला मी तयार नाही. इकडे ये.

तुझी काळजी करणारी,
सासू

डॉफिन, १९ ऑक्टोबर

ती. सासूबाईंस सा. न.

रागावू नका. पानं काढायला महिनाभर हातच धजला नाही. उलट वरून ओस्तापचा मेंढीच्या कातड्याचा कोट घातला.

काल पाऊस थांबल्यावर गेले. कोट उचलला तर कुबट वास आला. कंद सडक्या कांद्यासारखे झाले होते, बोट आत जात होतं. मी सगळं मायेनेच घातलं होतं हो. मऊ पडलेलं कापत गेले, कापत गेले, शेवटी मुठीएवढा एकच टणक तुकडा हाती लागला. तो पुसून, तुम्ही सांगितलंत तसा पाठ वर करून लावला. पण त्याला तसाच सोडून फाटकापर्यंत आले आणि पाय पुढे टाकवेना. ओस्तापलाच उघड्यावर टाकून निघाले, असं वाटलं. तिथेच बसून रडले.

ग्रिट्सकाका म्हणाले, पोरी, तू सासूकडे जा, जमीन गोठली की फांद्या मी घालतो. मी नको म्हटलं. ते माझं काम आहे म्हटलं. बरोबर केलं ना?

ओरिसिया

विनिपेग, २६ ऑक्टोबर

चि. ओरिसियास आशीर्वाद.

नाही केलंस बरोबर.

ते फुलझाड आहे, पोरी, ओस्ताप नव्हे. ओस्तापला आता थंडी वाजत नाही. मी त्याची आई आहे आणि मी हे लिहिते आहे. थंडी तुला वाजते. त्याच्या वाट्याची तू कितीही सोसलीस, तरी त्याला ऊब मिळायची नाही. मला तुझं येणं हवंय, तुझी निष्ठा नको.

वाट पाहते.
युस्तिना

डॉफिन, ११ नोव्हेंबर

ती. आईंस सा. न.

जमीन गोठली. आज ग्रिट्सकाकांनी फांद्या घातल्या. मी बघायला गेले नाही. घरात बसून बॅग भरली.

शनिवारच्या गाडीने येते. कंबर दुखत असली तरी स्टेशनवर या, आई. लग्नानंतर त्याच्याशिवाय मी कुठल्याच गाडीतून उतरलेली नाही.

ओरिसिया