सांगून करावं

४ जानेवारी
रिपोर्ट आला. बापूंना प्रोस्टेटचा कॅन्सर, मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरलाय. डॉ. म्हणाले, मुळापासून जाणार नाही, पण रोखता येईल, दुखणंही बरंच कमी होईल. त्यासाठी शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद पाडायचं. आयुष्यभर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच ऑपरेशन, दोन्ही अंडकोष काढून टाकायचे. "वडिलांना विचारा आणि सांगा."

बापू बाहेर बाकावर बसलेले. मी विचारायला उठलोच नाही. ऑपरेशन म्हणालो. १२ तारीख मिळाली.

परभणी स्टँडवर बापू म्हणाले, "काय म्हन्ला डाक्टर?"
"बारीक ऑपरेशन हाय. गाठ काढायची."

५ जानेवारी
सकाळी सु.ला खरं सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "सांगा की त्यान्ला. त्यान्ला न्हाई कळायचं तर कुनाला कळंल?"

बायकोचं बरोबर आहे. बापूंचा जन्म शेरडं-मेंढरं राखण्यात गेला. बोकड खच्ची करायला चारठाण्याकडची माणसंसुद्धा बापूंना बोलवायला यायची. शाळेत पोरं मला 'खच्ची' म्हणायची, म्हणून मी बापूंबरोबर बाजारात जायचं सोडलं होतं. आता जिंतूरला विज्ञान शिकवतो. प्रजननाचा धडा आला की 'घरी वाचून या' म्हणतो. मी बापाला काय सांगणार.

९ जानेवारी
शाळेतून आलो तर बापू शेरडांना पाला टाकत होते, एक हात कमरेवर.
"गाठ केवढी हाय रे?"
बोटांनी दाखवलं, लिंबाएवढी. कुठून सुचलं कोण जाणे.

खरं कारण इथं तरी लिहावं. दर तीन महिन्यांनी रजा, परभणी, रांग. एकदाचं उरकून जाईल म्हणून ऑपरेशन. शब्दाची लाज आहेच, पण ती निम्मी. उरलेली निम्मी ही, की सांगितलं तर बापू इंजेक्शनच मागतील.

१२ जानेवारी
झालं ते असं. ऑपरेशनच्या आधी नर्स फॉर्म घेऊन आली. मी म्हणालो, द्या, मी सही करतो. ती म्हणाली, पेशंटला वाचून दाखवावं लागतं. मग बापूंना, "आजोबा, दोन्ही अंडकोष काढणार आहेत. तुम्हाला माहीत आहे ना?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. नर्सला म्हणाले, "न्हाई बाई. मला लिंबाएवढी गाठ सांगितलीय." खाटेवरून उतरले, धोतर नीट केलं, पटका बांधला आणि चालू लागले. मी पिशवी घेऊन मागं.

एस.टी.त खिडकीकडे तोंड.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला बापूंनी. मला सु.च्या हाती पाठवला.
कंबर जास्त दुखायलीय. कण्हत नाहीत, पण बसताना दावणीचा खुंटा धरतात.

१७ जानेवारी
बोलले. गोठ्यात बोलावलं.

"बोकड धरला का आधी त्याच्या कानात सांगत हुतो मी. बाबा, तुझं असं असं करायलोय, घाबरू नको म्हनून. मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय. पर सांगून करावं."

खरंच सांगायचे. बोकडाचे पाय मीच धरलेले असायचे.

"मला तर बोलता येतंय रं."

मी रडलो. बापूंनी रडू दिलं. मग डॉ. म्हणाले होते ते सगळं सांगितलं, सुईचंही. बापू एकेक विचारत गेले. दुखणं थांबंल का? बहुतेकांचं कमी होतं. किती दिवस? काही वर्षं, कुणाला कमी, कुणाला जास्त. सुईनं बी तेच हुतं? तेच होतं. मग सुई का न्हाई सांगितली?

रजेचं सांगितलं. सगळं. बापूंनी नुसती मान हलवली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

थोड्या वेळानं म्हणाले, "खच्ची बोकड अंगानं भरतो. मी बी भरंन का?"
डॉ. म्हणाले होते वजन वाढतं. म्हणालो, हो.
"मग सदरे नवे शिवावं लागतील." हसले. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मला हसता आलं नाही.

२० जानेवारी
परभणी. डॉ.च्या दाराशी बापू म्हणाले, "तू भायेर बस. माजं मी इचारतो."

बाकावर बसून लिहितोय. ४ तारखेला बापू इथंच बसले होते. अर्धा तास होत आला. सुई की ऑपरेशन, सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही, आता तो हक्क नाही. सुई ठरली तर वर्षभर दर तीन महिन्यांनी लागेल त्या रजेचा अर्ज मात्र खिशात आहे, तारखा मोकळ्या सोडून.

दार नीट लागत नाही. आतून बापूंचा आवाज येतोय. बोकड, खच्ची, सगळं खणखणीत सांगतायत, बाजारात बोलावं तसं. बाहेर रांगेतली माणसं माझ्याकडे बघतायत. मी मान खाली घातलेली नाही. डॉ. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.