आवाज बंदच ठेवला होता

प्रिय बारक्या,

परवापासून तुझे तीन फोन आले आणि तीनही मी उचलले नाहीत. फोनवर तू बोलायला लागलास की मी विरघळते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. आधी बाबांचं सांगते. बाबा बरे आहेत. काल वॉकर धरून एकटे खिडकीपर्यंत गेले आणि तिथून मला हाक मारून म्हणाले, "बघ गं, जाऊन आलो परदेशी." जेवण कमी झालंय, चिडचिड वाढलीय, पण नजर स्वच्छ आहे. मी सध्या त्यांच्याकडेच राहते. सकाळी समोरच्या काकू त्यांच्यापाशी येऊन बसतात, तेवढ्यात मी दुकान उघडते आणि दुपारी तीनला कुलूप लावून परत येते. शिडीवर चढायची कामं पुढं ढकलली आहेत. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत.

बाबा स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडले तो दिवस आठवतो ना? मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तू चार दिवस येऊन राहिलास आणि जाताना दारात मला म्हणालास, "ताई, तुझा तर धंदाच हा. घरात कॅमेरे लाव ना. लांब असलो तरी निदान बघता येईल." खरं सांगू? मला फार बरं वाटलं होतं. अठरा वर्षं मी लोकांच्या घरांना कॅमेरे बसवते आणि घरातल्या कुणी त्या कामाला कधी काम म्हटलं नव्हतं. 'तारा ओढायला जाते' असंच तूही मित्रांना सांगायचास. त्या दिवशी पहिल्यांदा तुला माझी गरज पडली.

माझे नियम तुला पाठ आहेत, मीच शंभरदा ऐकवलेत. कॅमेरा आपल्या दारावर राखण करतो, शेजाऱ्याच्या न्हाणीघरावर नाही. घरात जो कुणी वावरतो त्याला आधी सांगायचं. झोपायच्या खोलीत नाही म्हणजे नाही. एका गृहस्थांना सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा हवा होता, चोरांसाठी म्हणे. मी विचारलं, चोर नेमके सासूबाईंकडेच का जातील? त्यांनी मला चहाही न पाजता वाटेला लावलं. लोकांना वाटतं, मी कायद्याला घाबरते. आहेच तो कायदा, मोडला तर माझा परवाना जाईल. पण घाबरून कुणी अठरा वर्षं नियम पाळत नाही रे. बाबांच्या हाताखाली वाढलो आपण. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून लोकांची भांडणं, लफडी, रडणं सगळं टिपून घेतलं त्यांनी, आणि जेवताना आईनं विचारलं की एकच उत्तर, "जे झालं ते कागदावर आहे. मला काही माहीत नाही."

त्यांच्या घरात मी तीन कॅमेरे बसवले. एक फाटकावर, एक बैठकीत, एक घरातल्या न्हाणीघराकडच्या बोळात. फाटकावरच्या चित्रात काकूंची खिडकी येत होती, चित्रातल्या तेवढ्या भागावर काळा पडदा टाकला. आवाज तिन्हींचा बंद. चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं लावलं. दारावर पाटी लावली. बाबांची अट एकच होती. "माझ्या खोलीत नको. मी कसा कण्हतो, कसा रडतो, ते मला कुणाला दाखवायचं नाही." मग बाबांच्या देखभालीसाठी ब्युरोतून आलेल्या मावशींना समोर बसवून संमतीचा सगळा कागद वाचून दाखवला. दिवसभर बाबांजवळ राहणार त्या, त्यांना कळायला हवं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "मी फोनवर बोलले तर ऐकू जाईल का हो?" मी म्हटलं, "दिसेल. ऐकू येणार नाही." "मग दिसू दे की. मी काय चोरी करणारे?" असं म्हणून त्यांनी ठसठशीत सही केली.

बोळातला कॅमेरा मोबाइलवरून फिरवता येणारा हवा, हा हट्ट तुझा. बाबा न्हाणीघराकडे जाताना कुठंही पडले तरी दिसायला हवं, असं तू म्हणालास आणि मला ते पटलं. पासवर्ड तुझ्या एकट्याकडे ठेवला, कारण घरात मी रोज होतेच, बघायची गरज तुला होती. इतर गिऱ्हाइकांकडे मी किल्ली कधीच एका हातात देत नाही. दर महिन्याला जाऊन आवाज बंद आहे ना, कोन हलला नाही ना, ते तपासते आणि वहीत नोंद करते. बाबांच्या घराचं पान वहीत कोरं आहे. तू भाऊ होतास, गिऱ्हाईक नव्हतास.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. कोर्टातल्या शेवटच्या तारखेनंतर, म्हणजे माझा घटस्फोट हातात पडला त्या आठवड्यात, एका दुपारी मी बाबांच्या पलंगावर बसून ढसाढसा रडले. म्हटलं, बाबा, माझ्यानं आता होत नाही. तुमचं करायचं, दुकान बघायचं, रिकाम्या घरी जायचं. कधी कधी वाटतं, सगळं टाकून निघून जावं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. तासाभरानं तुझा फोन आला. एरवी तू रविवारशिवाय करत नाहीस. आणि पहिलंच वाक्य, "ताई, थकलीस का गं?"  किती जणांना सांगितलं असेल मी ते. काकूंना, मावशींना, दुकानात आलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. माझ्या भावाला न सांगता कळतं, म्हणाले. पुढचे चार महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

मग मागच्या महिन्यात मावशी यायच्या बंद झाल्या. तू म्हणालास, ब्युरोनं बदलून दिल्या. आठ दिवसांनी त्या माझ्या दुकानात आल्या. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या विचारलं, "ताई, तुमच्या कॅमेऱ्याला कान आहेत का?" मी छातीठोकपणे म्हटलं, नाही. अठरा वर्षांच्या धंद्याची शपथ घेतली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. त्यांच्या छातीत गाठ होती. तपासणीला तुकडा पाठवला होता. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीला नाही. फक्त बहिणीला, फोनवर, आपल्या बोळात उभं राहून. दुसऱ्या दिवशी ब्युरोतून निरोप आला की आजारी बाईच्या भरवशावर म्हातारं माणूस ठेवता येणार नाही, असं घरच्यांचं म्हणणं आहे. नाव यादीतून काढलं. नवऱ्याला ते ब्युरोच्या माणसाकडून कळलं, बारक्या. बायकोच्या तोंडून नाही.

त्या गेल्यावर मी तशीच बाबांच्या घरी आले. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी कपाटातली पेटी उघडली. बसवणाऱ्याचा वेगळा क्रमांक असतो, त्यानं कुणी कधी काय बदललं याची पेटीतली नोंदवही दिसते. तुला बहुधा ते माहीत नव्हतं. मी कॅमेरे बसवले त्याच्या तिसऱ्याच दिवशी आवाज चालू केलेला होता. पंधरा दिवसांचं पुसणं रद्द. बोळातला कॅमेरा रोज सकाळी वळवलेला, बाबांच्या खोलीच्या उघड्या दारातून पलंग दिसेल असा, आणि मी यायच्या वेळेआधी परत जागेवर. रोज. साडेपाच महिने. ती दुपारही नोंदीत आहे. तू बावन्न मिनिटं ऐकत होतास आणि नंतर फोन करून विचारलंस, थकलीस का.

मी तुला फोन केला तेव्हा आधी तू म्हणालास, मशीनचं काहीतरी झालं असेल. मग म्हणालास, काळजीपोटी केलं. असेलही. मी तासन्‌तास ती काळजी शोधायचा प्रयत्न केला. काळजी होती तर मला का नाही सांगितलंस की आवाज चालू कर? मी नाही म्हटलं असतं, तू भांडला असतास, आणि भांडून काहीतरी मार्ग निघाला असता. बोळात उभ्या असलेल्या बाईची गाठ ब्युरोला कळवण्यात कोणाची काळजी होती?

बाबांना मी सांगितलं. लपवावं असं वाटलं होतं, पण या घरात आता आणखी लपवाछपवी नको झाली. कॅमेरे काढताना त्यांनी विचारलं आणि मी शिडीवरूनच सगळं सांगून टाकलं.  बाबांनी एवढंच विचारलं, "त्यानं मला रडताना पाहिलं का?" मी म्हटलं, पाहिलं असणार. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मग मला एक फोन का नाही केला?"  याचं उत्तर तुझं तू दे. आता घरात एकही कॅमेरा नाही, तरी ते माझ्याशी बोलायचं असलं की आधी दार लावून घ्यायला सांगतात आणि आवाज खाली आणतात.

मावशींचं ऑपरेशन झालं. गाठ वेळेत सापडली, डॉक्टर समाधानी आहेत. मी दोनदा भेटून आले. नवरा दारातच उभा राहिला, पण दुसऱ्या वेळी त्यानं खुर्ची दिली. आपल्याकडे त्या परत येणार नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

आता तुझ्या फोनांबद्दल. पहिला फोन का होता ते मला तू मागे ठेवलेल्या निरोपावरून कळलं. मावशींनी खासगीपणाचा कायदा बघणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार केल्याचं तुझ्या कानावर गेलं आहे आणि तुझं म्हणणं असं की मी लिहून द्यावं, आवाज मूळ बसवतानाच चुकून चालू राहिला. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, माझं काय, समज देऊन सोडतील. बारक्या, मी खोटं सांगणार नाही, एक अख्खी संध्याकाळ मी तो कागद लिहायचा प्रयत्न केला. लहानपणी तू फोडलेल्या काचा मी माझ्या नावावर घेतल्या, तशीच ही. पण मला त्या कागदावर मावशींची सही दिसत राहिली. काल मी कार्यालयात जाऊन खरं ते लिहून दिलं. पेटीतली नोंदवही जमा केली. किल्ली एका हातात दिली, महिन्याची तपासणी केली नाही, हा माझा दोष पहिल्या ओळीत लिहिला, त्याची शिक्षा मला होईल, परवाना काही महिने जाईल. दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलं. सोमवारी तुला नोटीस येईल. तोवर तुझ्याकडचं काहीही पुसू नकोस, त्यातलं मावशींचं बोलणं मागायचा हक्क त्यांचा आहे. तुझ्याविरुद्ध कोण बोललं, हे तुला त्या नोटिशीवरून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाजूनं नसलेली,
ताई