पूर्ण वजन

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि हडपसरच्या त्याच हॉलमध्ये आता जिऊ-जित्सू मी शिकवते. परवा एक मुलगी पाठीवर पडलेल्या जोडीदाराच्या पायांभोवती नुसती इकडून तिकडे उड्या मारत होती, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "अहो, रस्ता ओलांडताय का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मीही तशीच होते. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात दिवसभर केसपेपर काढून यायचे. समोरचा पाठीवर पडून पायांनी अडवतो, ते पाय ओलांडून त्याच्या छातीशी पोचायचं. मी ते पळून करायला बघायचे. तुम्ही थांबवलंत. "छाती त्याच्या मांडीवर टेकव. गुडघे जमिनीवरून उचल. आता काही करू नकोस. तो श्वास सोडेल, तेवढंच पुढे सरक."

"सर, माझं वजनच अठ्ठेचाळीस किलो आहे."

"मग अठ्ठेचाळीस टाक. वीसच टाकतेयस. बाकीचं घरी ठेवून आलीस?"

तुमच्या कॅन्सरचं आम्हाला उशिरा कळलं. दोन महिन्यांनी हॉलवर आलात तेव्हा सरावाच्या पोशाखाचा, गीचा, जाड कोट खांद्यावरून ओघळत होता. "चल," म्हणून पाठीवर पडलात. मी छाती टेकवली, पण भार गुडघ्यांवरच ठेवला. तुम्हाला लगेच कळलं.

"दया करतेस?"

"नाही, सर."

"मग टाक वजन. मी अजून आहे."

मी गुडघे उचलते. तुमच्या मांडीचं हाड माझ्या छातीला लागतं. तुमचा श्वास सुटतो, मी सरकते. पुन्हा सुटतो, पुन्हा सरकते. चार वर्षांत एकदाही ओलांडता न आलेले पाय मी ओलांडते, आणि तुम्ही माझ्या पाठीवर दोन थापा मारून हार मानता. उठून बसायला तुम्हाला माझा हात लागला. "आलं तुला," म्हणालात. "शुक्रवारी ये. यावरची तोड दाखवतो."

शुक्रवारी संध्याकाळी मी फोन केला, दवाखान्यात काम निघालंय म्हणून. पुढच्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या शुक्रवारच्या आधी तुम्ही गेलात. तुमच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, दोन्ही शुक्रवारी तुम्ही दुपारपासून गी घालून बसला होतात.

सर, दवाखाना त्या दोन्ही दिवशी पाचलाच बंद झाला होता. मला तुमच्या आजाराची भीती नव्हती. तुम्ही पुन्हा हराल याची होती. हे पत्र काकूंना वाचायला द्यावं असं सकाळी वाटलं होतं. नाही देणार. त्या अजूनही सगळ्यांना सांगतात, पोरीला कामच तसं होतं.