श्रावणाच्या कडव्यामागची खरखर

प्रिय बाबा,

तिकडे टेक्सासात, फ्रिस्कोच्या मंडळाच्या गणपतीत आन्या ज्यावर नाचणार आहे, ते गाणं मिळालं. 'मागे कसलीशी खरखर येते, तेवढी काढून दे, तुझं कामच आहे ते,' असं लिहिलंत. खरं आहे. सांता क्लारात मी दिवसभर हेडफोनसाठी नको ते आवाज गाळायचंच काम करते.

शब्द ओळखीचे निघाले. मुलगी चैत्रात पालवीसारखी फुटते, श्रावणासारखी हसते-रडते, शरदात शहाणी होते. नाशिकला पेटीवर हे तुम्ही माझ्यासाठी बांधलंत तेव्हा मी आठ वर्षांची होते. 'अबोली'च्या जागी आता आन्या आहे. मात्रा कमी पडते म्हणून 'गं' जोडलात. पेटी मात्र जुन्या रेकॉर्डिंगमधलीच ठेवून वर नवा आवाज चढवलात. पुन्हा वाजवायचा कंटाळा केलात.

खरखर वेगळी करून ऐकली. श्रावणाच्या कडव्यामागे आपला मिक्सर चालू आहे. आई चटणी वाटते आहे. मग मिक्सर बंद करून मला दटावते, 'हळू गं, बाबा वाजवतायत.' तुम्हाला हे ओळखू आलं नाही, याचं नवल वाटलं नाही.

चौथं कडवं नवीन आहे. पानगळ, थकलेला बाप, हात धरणारी लेक. माझ्या वेळी तिसऱ्यावर थांबून तुम्ही अमेरिकेला आलात आणि नवा संसार मांडलात; आन्या त्यातली. मी मोठी झाले ती 'पुढच्या समरला नक्की येतो' या वाक्यावर. आई गेली तेव्हा तुमच्या प्रोजेक्टची डिलिव्हरी होती.

रविवारी आन्याचा फोन आला. स्टेप्स बसवायला तिला अर्थ हवा होता. 'ताई, पालवी म्हणजे व्हॉट एक्झॅक्टली? बाबा म्हणतो मी त्याची पालवी आहे.' मी सांगितला. गोड मुलगी आहे. मग तिनेच विचारलं, हे बाबाने ती बेबी असताना लिहिलं का. मी खरखर काढली नव्हती. उलट गाणं काढलं आणि मागे उरलेला मिक्सर आणि आईचा आवाज तिला पाठवला. ऐकून ती म्हणाली, 'सो इट्स नॉट माइन.' मी नाही म्हटलं नाही.

ती यावर नाचणार नाही. शनिवारी तुम्हाला सांगेल. तेव्हा तिला जवळ घेऊन, डोळे पुसत तुम्ही काय म्हणाल, ते मला पाठ आहे, कारण अमेरिकेला निघताना विमानतळावर मलाही तेच म्हणाला होतात. ते मी तिला शब्दशः सांगून ठेवलं आहे. तोवर दुसरं काही सुचतं का पाहा, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुमचीच, अजून तरी,
अबोली