हलकं वाटतंय

३ जून
पहिला दिवस झकास गेला! दुसऱ्या मजल्यावर खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, दारावर माझ्या नावाची पाटी आणि खाली 'समुपदेशक'. लेकीने पाटीचा फोटो काढून तिच्या बाबांना पाठवला. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, माणसांचं ऐकता ऐकता आपणही घडत जातो. मी जन्माची मुखदुर्बळ. घडायला भरपूर वाव आहे.

१२ जून
एक निवृत्त ड्रायव्हर आले होते. बायको गेल्यापासून घास उतरत नाही म्हणाले. ती भाजी निवडताना शीळ घालायची आणि सासूची बोलणी खायची, हे सांगताना हसले, मग ढसाढसा रडले. जाताना म्हणाले, फार हलकं वाटतंय.

१९ जून
आज भाजी निवडताना मी शीळ घातली. मला शीळ येत नाही. नवरा खूश. म्हणाला, नोकरी मानवली तुला.

२६ जून
ड्रायव्हर आले. जेवतात, झोपतात. शीळ आठवते का, विचारलं. कोणाची, म्हणाले. बायकोचं नाव घेतानाही अडखळले. मला ते तोंडपाठ होतं. मी सांगितलं नाही.

८ जुलै
शिवणकाम करणारी एक बाई येते. रडतानाही विनोद करायची. आता म्हणते बरी आहे, आणि भिंतीकडे बघत बसते. ऑफिसात सगळ्यांना मी हसवते.
वरिष्ठ बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या कुणाचं तरी उसनं हसू हसल्या. प्रगती आहे, म्हणाल्या.

१५ जुलै
राजीनामा लिहिला. फाडला. लोकांना बरं वाटतंय ही सबब. खरं म्हणजे— मला मी आवडायला लागलेय.

२१ जुलै
ड्रायव्हर पुन्हा दारात. घरात एका बाईचा फोटो आहे, कोणाचा ते कळत नाही म्हणत होते. मी आत लपले. शिपायाकरवी सांगितलं, बाई नाहीत.

२४ जुलै
लेक रडत घरी आली. जिवलग मैत्रिणीने मैत्री तोडली. माझ्याशी नको, बाबांशी बोल म्हटलं. ऐकेना. उठून जायला हवं होतं— मी खुर्ची पुढे ओढली.

बोलली. सगळं. पार लहानपणापासूनचं—

आता शांत आहे. समोर बसून बघतेय. हलकं वाटतंय म्हणाली. आणि मला, कधी नव्हे इतकं भरल्यासारखं—

काहीतरी विचारतेय. आईला जन्मात 'अगं'शिवाय हाक न मारलेली माझी पोर—

"तुम्ही कोण—